सांगून जा, सटकू नका
मोठी मुलगी १४ महिन्यांची असताना मी कामावर परत रुजू झाले. निघताना ती रडायची, म्हणून घरात सगळ्यांनी मिळून युक्ती काढली. आजीनं तिला खिडकीपाशी न्यायचं आणि मी चपला हातात घेऊन सटकायचं. चार दिवस झकास चाललं. पाचव्या दिवसापासून ती मला न्हाणीघरातही एकटं जाऊ देईना. दाराखालच्या फटीतून बोटं आत घालून बाहेर बसून राहायची. आजी खिडकीकडे वळली तरी किंचाळायची, कारण खिडकी दाखवली की आई गायब होते, हे गणित तिनं पक्कं केलं होतं.

‘पोरगी फार चिकट झालीय,’ असं मी सगळ्यांना सांगत होते. दोन मुलं वाढवून आणि १२ वर्षं बालवर्गावर काढून आज कळतंय, की मीच बेभरवशाची झाले होते.

आधी वयाचं समजून घ्या. आठव्या महिन्याच्या सुमाराला बाळाला उमगायला लागतं, की नजरेआड गेलेलं माणूस कुठेतरी असतं. ते परत कधी येणार, हे मात्र कळत नाही. रडं सुरू होतं ते इथून. वर्ष-दीड वर्षाच्या आसपास त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो आणि बहुतेकांचं तिसऱ्या वर्षापर्यंत ओसरतं. कुणाच्याही कडेवर जाणारं बाळ अचानक आईला सोडेनासं झालं, की लोक म्हणतात ‘लाडावलंय’. खरं तर त्याला अक्कल आलेली असते.

मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७०च्या सुमारास वर्षभराच्या मुलांना आईसोबत एका अनोळखी खोलीत बसवून पाहिलं. आई काही मिनिटं बाहेर जायची आणि परत यायची. मूल रडतं का, यापेक्षा आई आल्यावर ते काय करतं, इकडे त्यांचं जास्त लक्ष होतं. भरवसा असलेली मुलं रडली तरी आईला बिलगून शांत होत आणि पुन्हा खेळण्यांकडे वळत. काही मुलं मात्र आईकडे बघायचीही नाहीत. अशी मुलं दिसायला ‘स्वतंत्र’. पण नंतरच्या अभ्यासांत अशा मुलांच्या हृदयाचे ठोके वाढलेले आढळले. म्हणून ‘आमचं बाळ अजिबात रडत नाही हो’ असं कुणी कौतुकानं सांगितलं, की मी नुसती मान डोलावते.

निघताना तीनच गोष्टी सांगा. कुठे जाताय, जवळ कोण असेल आणि परत कधी येणार. ‘पाच वाजता’ म्हणून उपयोग नाही, मुलांना घड्याळ कळत नाही. ‘तू झोपून उठलीस की मी येते’ हे कळतं. मग मिठी मारा आणि खरोखर निघा. रडणं ऐकून दारातून परत फिरू नका. मी एकदा तीनदा फिरले, आणि तिसऱ्यांदा आम्ही दोघीही रडत होतो. वर्गात रोज बघते, आई गेल्यावर पाच-दहा मिनिटांत बहुतेक मुलं खेळात रमतात. आई फटीतून डोकावताना दिसली, की पुन्हा सूर लागतो. सोबत तुमचा जुना रुमाल दिलात तर उत्तम. तो धुवायची घाई करू नका, त्याला तुमचा वास असतो.

परत आल्यावर मूल तुम्हाला बघून भोकाड पसरेल. तो कांगावा नव्हे. दिवसभर धरून ठेवलेलं हक्काच्या माणसापाशी सुटतं. फोन बाजूला ठेवून दहा मिनिटं जमिनीवर बसा. प्रश्न नंतर विचारा.

मग येतं ‘मी, मी, मी’चं वय. धाकटा तीन वर्षांचा असताना शर्टाची बटणं स्वतःच लावायचा हट्ट धरायचा. जीभ बाहेर काढून, एका बटणाला चार मिनिटं, तेही नेमकी निघायची घाई असताना. शेवटी मी वरची चार लावायची आणि तळाचं त्यानं, असं ठरवलं. शेवट त्याच्या हातून झाला, की ‘मी लावला शर्ट!’ महिन्याभरानं तळाची दोन त्याची झाली. असं शेवटाकडून थोडं थोडं सोपवत जा.

आणि एके दिवशी तोच हात पसरून म्हणाला, ‘तू लाव.’ माझ्या तोंडून पटकन गेलं, ‘अरे, काल येत होतं ना?’ हे वाक्य तेवढं टाळा. मुलं पुढे जातात, मागे येतात, तुम्ही आहात ना हे चाचपतात आणि पुन्हा निघतात. लावून द्या बटण. त्यानं कुणी बिघडत नाही. शाळेच्या वयाचं मूल मात्र चार आठवड्यांहून जास्त काळ तुम्हाला सोडायला घाबरत असेल, रोज सकाळी पोट दुखतंय म्हणत असेल, तर डॉक्टरांशी बोला.

तेराव्या वर्षी खोलीचं दार बंद होतं. टकटक करा, ‘ये’ म्हणेपर्यंत थांबा. समोर बसवून केलेल्या चौकशीला ‘काही नाही’ हेच उत्तर मिळतं. कपड्यांच्या घड्या घालताना किंवा दिवा मालवल्यावर मात्र आपणहून बोलणं निघतं. तेव्हा उपाय सुचवू नका. मला अजून जमत नाही, पण प्रयत्न चालू आहे.

मोठी १५ वर्षांची असताना तीन दिवसांच्या सहलीला निघाली. ‘बसपाशी येऊ नकोस, कोपऱ्यावर थांब,’ म्हणाली. थांबले. (दोन पावलं पुढे गेले होते, ते तिला माहीत नाही.) पिशवी खांद्यावर घेत तिनं एका दमात सांगितलं, ‘आई, मुक्काम कुठे ते फ्रीजवर लावलंय, दोन्ही मैत्रिणी माझ्याच खोलीत आहेत, आणि रविवारी तू झोपून उठलीस की मी घरी असेन.’