आधी अंदाज, मग स्क्रीन

लंबकाचं सिम्युलेशन (स्क्रीनवरचा आभासी प्रयोग) उघडून दिलं की मुलं नुसत्या पट्ट्या सरकवत बसतात, हाती काही लागत नाही. इंदूरला रामबागेत भाचीला शिकवताना हे जमलं:

१. स्क्रीन बंद. दोरी चौपट केली तर झोक्याला किती वेळ लागेल? अंदाज वहीत, पेननं.

२. आता ‘फेट’ (PhET) या विज्ञान-सिम्युलेशनच्या वेबसाइटवरचं लंबकाचं मोफत सिम्युलेशन उघडा. फक्त लांबीच बदलू द्या.

३. लगेच चौकटीच्या खिळ्याला दोऱ्यानं लोखंडी नट टांगा. जाऊन-येऊन एक झोका. २५ सेंमीला १० झोके सुमारे १० सेकंदांत होतात, १ मीटरला तेवढेच झोके सुमारे २० सेकंदांत. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर तिलाच मोजू द्या. तोवर उत्तर सांगायचं नाही. मोठ्यांना हेच सगळ्यात जड जातं.

झोका लहानच द्या, आणि लांबी नटाच्या मध्यापर्यंत मोजा.