एक प्लगइन फुकट, दुसरा १५ हजाराला: घेण्याआधी काय काय बघायचं

प्लगइन म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर. कोपरखैरण्याला माझ्या छोट्या रूमवर रेकॉर्डिंगला येणारी पोरं हमखास विचारतात, दादा हा ईक्यू (आवाजातला जाड-बारीक भाग कमी-जास्त करणारा प्लगइन) फुकट आणि तो १५ हजाराला, म्हणजे फुकटवाल्याचा आवाज खराब असतो का? नाही रे बाबा. किमतीचा आवाजाशी संबंध फार थोडा असतो, आणि शिकायच्या वयात पोरांचे पैसे असे जातात ते मला खरंच बघवत नाही म्हणून सगळं लिहून काढतोय.

आधी बघायचं की प्लगइनच्या पोटात आहे काय. साधा ईक्यू म्हणजे शेवटी गणित, त्याची सूत्रं सगळ्यांना खुली आहेत, म्हणून टीडीआर नोव्हासारखा चांगला ईक्यू फुकट मिळतो आणि मी व्होकलवर रोज तोच लावतो. फॅबफिल्टर प्रो-क्यूला पैसे जास्त पडतात ते मुख्यतः सोयीचे, म्हणजे स्क्रीनवर सगळं स्वच्छ दिसतं आणि हात भराभर चालतो, दिवसाला तीन-चार गाणी मिक्स करणाऱ्याचे ते वसूल होतात. सॅम्पल लायब्ररीचं, म्हणजे खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुट्या आवाजांच्या संचाचं, मात्र वेगळं आहे. तिथे खरा वादक बसवावा लागतो, स्टुडिओ, माइक, इंजिनिअर, मग एकेक बोल हळू, मध्यम, जोरात, आणि तेच परत परत वाजवून घ्यायचं, त्यानंतर कापाकापी आणि सफाई चालूच. ढोलकीचा एकच फटका एकदाच रेकॉर्ड केलेला असेल तर कोळीगीताच्या ठेक्यात तो मशीनगनसारखा वाजतो, लगेच कानाला कळतं. त्यामुळे लायब्ररी महाग असली तर लगेच लूट म्हणू नका, तिथे माणसांची मजुरी आहे.

दुसरं म्हणजे गिऱ्हाईक किती. सिनेमाच्या डायलॉगमागचा गोंगाट साफ करायचं टूल घेणारे मोजकेच, मग तोच खर्च थोड्या लोकांत वाटला जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, छापील किंमत खरी धरायची नाही. वेव्ह्ज कंपनीचे प्लगइन वर्षभर कुठल्या ना कुठल्या सेलमध्ये असतात, म्हणजे सेलची किंमत हीच त्यांची खरी किंमत. उलट वॅल्हाला कंपनी सेल लावतच नाही, रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा प्लगइन) ५० डॉलरला म्हणजे ५० डॉलरलाच, आणि त्यांचाच सुपरमॅसिव्ह तर फुकट आहे. म्हणून आवडलेल्या प्लगइनचा भाव दोन-तीन महिने वहीत लिहून ठेवा, तळ कुठे आहे ते आपोआप दिसतं. लायसन कसलं आहे तेही वाचा. २०२३ च्या मार्चमध्ये वेव्ह्जने नुसती सबस्क्रिप्शनच (म्हणजे भाडं भराल तोवरच वापर) ठेवली होती, लोकांनी एवढा गोंधळ घातला की काही दिवसांतच कायमचं लायसन परत आणावं लागलं.

एकाच नावाच्या छोट्या-मोठ्या आवृत्त्या असतात, तिथे फरक नेमका कशात आहे ते शोधा. व्हायटल सिंथच्या (कॉम्प्युटरवरच आवाज तयार करणारं वाद्य) फुकट आणि विकतच्या आवृत्तीत इंजिन एकच, जास्तीचे पैसे प्रीसेट (तयार आवाज) आणि वेव्हटेबल (आवाज घडवायचा कच्चा माल) यांचे. पण मेलोडाइन या सूर दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरच्या इसेन्शियल आवृत्तीत एकत्र वाजणारे सूर वेगवेगळे हलवता येत नाहीत, पेटीवर एकत्र दाबलेले सूर सुटे करायचे असतील तर एडिटर किंवा त्याच्या वरची आवृत्ती लागते, तिथे काटकसर करून चालत नाही.

मग डेमो (काही दिवस वापरून बघायची आवृत्ती) टाका आणि दोन्हींचा लेव्हल सारखा करून ऐका, कारण जो जरा मोठ्याने वाजतो तो कानाला भारी वाटतोच. ईक्यू असतील तर एकच ट्रॅक दोनदा ठेवा, दोन्हीत तोच कर्व्ह काढा आणि एकाचा फेज उलटा करा, म्हणजे आवाजाची लाट उलटी करा, दोन्ही सारखे असतील तर ते एकमेकांना खोडून टाकतात. साध्या डिजिटल ईक्यूमध्ये बऱ्याचदा जवळजवळ शांतता उरते, मग आपण कशाचे पैसे देतोय ते तुम्हीच बघा.

पैसे भरताना डॉलरच्या भावावर १८ टक्के जीएसटी आणि कार्डाचा फॉरेक्स चार्ज धरा, आणि कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार आधी चालू करून घ्या. आयलॉक (लायसन सांभाळणारं वेगळं खातं किंवा यूएसबी) लागतो का तेही बघा.

गणपतीच्या गाण्यांचं काम जुलै-ऑगस्टला येतं आणि मोठा सेल नोव्हेंबरच्या शेवटी, त्यामुळे मधल्या काळात डेमोवर भागवा. रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) ६० दिवस पूर्ण चालतो, आणि त्याच्यातले ईक्यू-कॉम्प्रेसर (कॉम्प्रेसर म्हणजे आवाजाचे चढउतार आटोक्यात ठेवणारा) वापरून आरतीचा अख्खा अल्बम निघतो, मी काढलाय.