एकाच झोनला थंडी: जुना थर्मोस्टॅट तपासायचा कसा

न्यू जर्सी, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स या पट्ट्यात जुनं घर घेतलं, की त्यासोबत बहुधा तळघरात गॅसचा किंवा तेलाचा बॉयलर येतो, भिंतींच्या पायथ्याशी गरम पाण्याचे बेसबोर्ड येतात आणि मजल्यागणिक एक थर्मोस्टॅट. प्रत्येक थर्मोस्टॅट म्हणजे एक झोन. मग जानेवारीत खालचा मजला ऊबदार असताना वरच्या बेडरूममध्ये मात्र दुलईतून पाय बाहेर काढवत नाही. भिंतीवरची जुनाट डबी डोळ्यांसमोर असते, म्हणून पहिला संशय तिच्यावर जातो आणि दुकानातून नवी आणली जाते. अनेकदा खोली तरीही गारच राहते.

थर्मोस्टॅट हा शेवटी एक स्विच आहे. खोली गार झाली की तो दोन तारा जोडतो आणि ठरवलेलं तापमान आलं की सोडतो. तारा जोडल्या की तळघरातल्या ट्रान्सफॉर्मरचे २४ व्होल्ट त्या झोनच्या व्हॉल्व्हला मिळतात आणि व्हॉल्व्ह उघडतो. पूर्ण उघडल्यावर त्याच्या आतला छोटा एंड स्विच मिटतो आणि मग बॉयलर आणि पंप चालू होतात. या साखळीतली कुठलीही कडी तुटली तरी खोलीत बसलेल्या माणसाला लक्षण एकच दिसतं. त्यामुळे खरेदीआधी कडी शोधायची.

हात लावण्याआधी

थर्मोस्टॅटचं झाकण काढून तारा बघा. बोरूच्या काडीपेक्षाही बारीक, रंगीत आवरणाच्या दोन ते पाच तारा असतील तर ते २४ व्होल्टचं काम आहे. जाड काळ्या-लाल तारा आणि त्यांवर पिळलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या दिसल्या तर झाकण परत लावा. तो विजेच्या बेसबोर्डचा थर्मोस्टॅट आहे, त्यात १२० किंवा २४० व्होल्ट असतात आणि खाली सांगितलेली एकही चाचणी त्यावर करायची नाही.

तारा काढता-लावताना बॉयलरची वीज बंद ठेवा. तिचा स्विच बहुतेक घरांत तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी, लाल पट्टीवर असतो. घरात कोणीतरी तो दिवा समजून बंद केलेला नाही ना, हेही याच वेळी बघून घ्या; हसण्यावारी नेऊ नका, हे सर्रास होतं.

शिवाय खोलीतली परिस्थिती एकदा नीट पाहा. थर्मोस्टॅटच्या खाली टेबललॅम्प, टीव्ही किंवा देवघरातली समई असेल तर त्याला खोली आहे त्याहून गरम वाटते आणि तो लवकर बंद होतो. स्वयंपाकघराला लागून असेल तर कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत तो समाधानी झालेला असतो आणि पलीकडची खोली काकडत राहते. उलटही घडतं: तार ज्या भोकातून बाहेर येते, त्यातून भिंतीच्या पोकळीतली गार हवा थेट आतल्या भागावर येते आणि हीटिंग थांबायचं नाव घेत नाही. भोक पुट्टीने किंवा कापसासारख्या इन्सुलेशनच्या बोळ्याने बुजवा. वरच्या मजल्याचा थर्मोस्टॅट तासन् तास गप्प असेल, तर जिन्यातून चढणारी खालची ऊब त्याला पुरत असेल. मधलं दार लावून पाहा.

दहा मिनिटांची चाचणी

वीज बंद करून थर्मोस्टॅट भिंतीवरच्या पाटीपासून सोडवा. आर (वीज आणणारा) आणि डब्ल्यू (हीटिंगची मागणी व्हॉल्व्हकडे नेणारा) या दोन स्क्रूंवरच्या तारा काढा, त्यांची उघडी टोकं एकमेकांना पिळा आणि वीज चालू करा. जुन्या घरांत रंगांवर विश्वास ठेवू नका, कोणती तार कोणत्या स्क्रूवर होती ते पाहा. काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या.

आता थांबा. हनीवेल कंपनीच्या मोटरवर चालणाऱ्या व्हॉल्व्हला उघडायला २० सेकंदांच्या आसपास लागतात. टॅको कंपनीच्या जुन्या व्हॉल्व्हवर सोनेरी-हिरव्या डबीत मेण तापवून दांडा ढकलणारं यंत्र असतं, ते दोन-तीन मिनिटंही घेतं. तीस सेकंदांत काही झालं नाही म्हणून निष्कर्ष काढणारे इथेच फसतात. पाच मिनिटांनंतर व्हॉल्व्हपुढच्या पाइपला हात लावा. पाइप तापला तर तार, व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, बॉयलर सगळे निर्दोष; दोष थर्मोस्टॅटचा किंवा त्याच्या सेटिंगचा. पाइप गारच राहिला तर नवा थर्मोस्टॅट आणून उपयोग नाही.

मल्टिमीटर असेल तर अजून नेमकं कळतं. तारा जागेवर लावून एसी व्होल्टवर आर आणि डब्ल्यूमध्ये मोजा. हीटिंग मागत नसताना २४ ते २८ व्होल्ट दिसायला हवेत. सेटिंग वर नेऊन मागणी केली की आकडा शून्याजवळ पडायला हवा. मागणी करूनही २४ तसेच राहिले तर थर्मोस्टॅटचे संपर्क जुळत नाहीत. दोन्ही वेळा शून्य आणि झोन बंद असेल तर वीजच येत नाही: ट्रान्सफॉर्मर गेला, तार तुटली किंवा व्हॉल्व्हचं कॉइल उडालं. दोन्ही वेळा शून्य आणि झोन कायम चालू असेल तर संपर्क चिकटले आहेत, नाहीतर वाटेत कुठेतरी दोन तारा एकमेकींना टेकल्या आहेत. भिंतीत ठोकलेल्या स्टेपलने तारेचं आवरण चिरडलं, की असं होतं. खात्रीसाठी थर्मोस्टॅटवरची एक तार सोडवा. तरीही झोन बंद होत नसेल तर थर्मोस्टॅटला दोष देऊ नका.

मीटर नसेल तर झोनच्या घराचा एक फायदा घ्या. दोन सारखेच थर्मोस्टॅट असतील तर त्यांची अदलाबदल करा. तक्रार थर्मोस्टॅटबरोबर दुसऱ्या मजल्यावर गेली तर गुन्हेगार सापडला.

गोल थर्मोस्टॅट

हनीवेलचा गोल टी८७ बाजारात आला १९५३ साली आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्या अजूनही भिंतींवर आहेत. आत दोन धातूंच्या पट्टीची गुंडाळी आणि तिच्या टोकावर पाऱ्याची काचेची कुपी. गुंडाळी आवळते-सैलावते, कुपी कलते, पारा एका टोकाला जाऊन दोन तारा जोडतो. घासणारा संपर्कच नाही, म्हणून तो सहज चाळीस वर्षं टिकतो. बिघडण्याची कारणंही मोजकीच आहेत.

पहिलं कारण म्हणजे कल. पाटी भिंतीवर तिरकी झाली, रंगकाम करताना स्क्रू सैल राहिला, की कुपी चुकीच्या तापमानाला कलते. पाटीच्या वरच्या कडेवर लहान पाणसळ ठेवून ती सरळ करा. डिजिटल थर्मोस्टॅटला तिरकेपणाने काही फरक पडत नाही, याला पडतो.

दुसरं म्हणजे धूळ. गुंडाळीवर साचलेली धूळ मऊ ब्रशने अलगद झाडा. फुंकर जोरात मारू नका आणि तेल-बिल तर मुळीच घालू नका. काही जुन्या बनावटींमध्ये पाऱ्याऐवजी उघडे संपर्क असतात. त्यांच्यामधून कोरं व्हिजिटिंग कार्ड एकदा ओढलं की पुरतं. पॉलिश पेपरने वरचा मुलामा निघून जातो आणि महिन्याभरात तेच दुखणं परत येतं.

तिसरं कारण बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: अँटिसिपेटर. गुंडाळीजवळ ०.१ पासून १.२ पर्यंतचे आकडे आणि त्यांवर सरकणारा काटा दिसेल. ही एक बारीक तापणारी तार आहे. हीटिंग चालू असताना ती गुंडाळीला थोडी ऊब देते, म्हणजे बेसबोर्डमधलं पाणी अजून गरम असतानाच स्विच सुटतो आणि खोली गरजेपेक्षा जास्त तापत नाही. काट्याचा आकडा व्हॉल्व्ह घेतो त्या अँपिअरइतका हवा: हनीवेल व्ही८०४३ ला ०.३२, टॅको ५७१ ला ०.९. कोणीतरी व्हॉल्व्ह बदलून गेलं आणि काटा तसाच राहिला, की तक्रारी सुरू होतात. काटा ०.३ वर आणि व्हॉल्व्ह टॅकोचा असेल तर थर्मोस्टॅट वारंवार लवकर सुटतो, ६८ अंश मागितले तर खोली ६५ फॅरनहाइटवरच अडते. उलट झालं तर खोली तीन-चार अंश वर जाऊन मग गार होत बसते. काटा जुळवल्यावर निदान एक दिवस वाट पाहा.

व्हॉल्व्हची टोकं तारेने जोडून 'ट्राय' करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: वाटेत व्हॉल्व्हचा अडसर उरत नाही, सगळा प्रवाह अँटिसिपेटरमधून जातो आणि तो जळतो. मग चांगला थर्मोस्टॅटही कायमचा मुका. जंपर, म्हणजे दोन टोकं जोडणारी तार, थर्मोस्टॅटच्या जागी लावायचा, व्हॉल्व्हवर कधीच नाही.

डिजिटल असेल तर

आधी सेल बदला. पडदा उजळ दिसतो म्हणून सेल चांगले, असं नसतं. आतला रिले (तारा जोडणारा छोटा विजेचा स्विच) ओढायला जास्त जोर लागतो. सेलच्या पट्ट्यांवर पांढरी-हिरवी पूड आली असेल तर ती खरवडून काढा. त्यानंतर सेटअपमधला तासाला किती आवर्तनं हा आकडा पाहा. गरम पाण्याच्या हीटिंगला ३ हवा. गरम हवेच्या भट्टीसाठीचा ५ किंवा ६ तसाच राहिला असेल तर बॉयलर सारखा चालू-बंद होतो. पहाटे वेळेआधीच हीटिंग सुरू होतं, ही बहुधा तक्रारच नव्हे. ठरलेल्या वेळेला खोली गरम मिळावी म्हणून ते आधी सुरू होतं.

थर्मोस्टॅट निर्दोष निघाला तर

वरचा मजला एकटा कधीच तापत नाही, पण खालचा चालू झाला की तोही तापतो? वरच्या व्हॉल्व्हचा एंड स्विच गेला. व्हॉल्व्ह उघडतो, पण बॉयलरला निरोपच जात नाही. कोणी न मागता एखादा मजला तापतो? व्ही८०४३ चा हाताने उघडायचा खटका बघा. बंद व्हॉल्व्हचा खटका सरकवताना स्प्रिंगचा जोर हाताला लागतो. खटका सैल हलत असेल तर व्हॉल्व्ह उघडाच अडकला आहे.

एकेकटे सगळे झोन चालतात, पण कडाक्याच्या थंडीत एकदम मागणी आली की शेवटचा उघडत नाही? ट्रान्सफॉर्मर कमी पडतो आहे. नेहमीच्या ४० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेच्या ट्रान्सफॉर्मरवर टॅकोचे तीनच व्हॉल्व्ह चालवायचे असतात. चौथा कोणी नंतर जोडला असेल तर दुसरा ट्रान्सफॉर्मर घाला. बेसबोर्डचा सुरुवातीचा भाग गरम, पुढचा गार आणि पाण्याचा गुळगुळ आवाज येत असेल तर पाइपात हवा आहे. बॉयलरच्या आतल्या गोष्टी, गॅसचा वास, ज्योतीची तक्रार ही परवानाधारक माणसाची कामं.

बदलायचंच ठरलं तर

दोन तारांच्या साध्या झोनला सेलवर चालणारा साधा थर्मोस्टॅट उत्तम चालतो. वायफायचा घ्यायचा तर तिसरी, सी तार (ट्रान्सफॉर्मरची 'कॉमन' तार, जिच्यामुळे त्याला सतत वीज मिळते) हवी. ती नसताना तो व्हॉल्व्हमधूनच चोरून वीज घेतो. मग व्हॉल्व्ह कुरकुरतो किंवा ऐन थंडीत थर्मोस्टॅट बंद पडतो. भिंतीत मागे दुमडून ठेवलेली मोकळी तार अनेकदा सापडते. तिचं दुसरं टोक तळघरात ट्रान्सफॉर्मरच्या कॉमन बाजूला जोडायचं. बॉयलरवरच्या टी-टी टोकांना (थर्मोस्टॅटसाठीच्या दोन टोकांना) झोनच्या ट्रान्सफॉर्मरची वीज चुकूनही देऊ नका, तिथे फक्त एंड स्विच येतो. आधीच तीन तारा लावलेल्या दिसल्या तर आनंद लगेच करू नका: काही जुने व्हॉल्व्ह उघडायलाही मोटर आणि बंद करायलाही मोटर वापरतात. त्यांना दोन तारांचा थर्मोस्टॅट लावला, तर ते उघडतात आणि उघडेच राहतात.

उतरवलेला पाऱ्याचा थर्मोस्टॅट कचऱ्यात जात नाही. कुपी न हलवता तो पिशवीत बंद करा आणि काउंटीच्या घातक कचरा संकलनात किंवा जुने थर्मोस्टॅट घेणाऱ्या हीटिंगच्या घाऊक दुकानात द्या. कुपी फुटलीच तर व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, पाऱ्याची वाफ घरभर होते. खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, थेंब कडक कागदाने गोळा करून झाकणाच्या बरणीत ठेवा.

नवा लावल्यावर पहिले दोन दिवस रात्रीचं तापमान खाली आणू नका. ६८ वर स्थिर ठेवा, शेजारी साधा थर्मामीटर टेकवून १५ मिनिटांनी दोन्ही आकडे जुळवा. अंश-दीड अंशाचा फरक असेल तर सेटअपमधल्या दुरुस्तीने तो काढता येतो.