चालता चालता राज्यघटनेची उजळणी

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांनी सकाळच्या फेरफटक्याचा वेळ ऐकण्यासाठी जरूर वापरावा. मात्र नवा, अवघड विषय त्या वेळी प्रथमच ऐकायला घेऊ नये, कारण चढ लागला आणि दम भरला की कानावरचे शब्द नुसतेच वाहून जातात. आदल्या रात्री वाचलेलेच सकाळी ऐकावे.

त्यासाठी विकतच्या ध्वनिफितींपेक्षा मोबाइलवर स्वतःच्या आवाजात केलेले ध्वनिमुद्रण मला अधिक उपयोगी वाटते. मूलभूत हक्कांचे उदाहरण घेऊ. ‘समानतेचा हक्क कोणत्या अनुच्छेदांत?’ असा प्रश्न विचारून पाच-सहा सेकंद गप्प राहावे आणि मगच ‘१४ ते १८’ हे उत्तर म्हणावे. पुढे ‘२१-क कोणत्या घटनादुरुस्तीने आला?’ असे विचारून, तेवढेच थांबून, ‘८६ वी, २००२, ६ ते १४ वयोगटातील मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण’ असे सांगावे. त्या मोकळ्या सेकंदांत उत्तर पुटपुटायचे असते. शेजारून जाणारे आजोबा चमकून पाहतात, त्याला इलाज नाही! एक मुद्रण पंधरा-वीस मिनिटांपेक्षा लांबवू नये.

रस्त्यावर एक कान मोकळा ठेवावा. धावताना किंवा वजने उचलताना ऐकणे बंदच करावे. घरी परतल्यावर, अंघोळीच्याही आधी, अडलेली उत्तरे वहीत लिहावीत आणि दुसऱ्या दिवशीच्या मुद्रणात तेवढेच प्रश्न सर्वांत आधी घ्यावेत.