तारकर्लीची बॅग भरण्याआधी कान तयार करा

नागपूरहून तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगसाठी निघायचं तर महिनाभर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे एक चक्कर मारून या. मळ साचलाय का, पडद्याला जुनं भोक आहे का, नाकाचं हाड वाकडं आहे का, एवढं बघून घ्यायचं. भोक निघालं तर डायव्हिंगचा विषय तिथेच संपला.

मग रोज आरशासमोर सराव. नाक चिमटीत धरा, तोंड मिटा, हलकेच फुंका. दोन्ही कानांत टक् झालं की घशातून कानाकडे जाणारी नळी उघडली. जोर मात्र लावू नका, आतल्या कानाला इजा होते. फुंकून जमत नसेल तर नाक दाबून आवंढा गिळा. माझा उजवा कान यानेच उघडतो. डावा जावईबापूंसारखा, दोनदा विनवल्याशिवाय ऐकत नाही.

आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंच. तिथून खाली कोकणात उतरताना कानाला पत्ताही लागत नाही. पाण्यात मात्र १० मीटरवरच दाब दुप्पट होतो नि कानातली हवा आक्रसून निम्मी होते. पुढच्या १० मीटरांत ती निम्म्यावरून एक तृतीयांशावर येते. म्हणजे खरी परीक्षा वरच्याच पाण्यात.

बुकिंग करतानाच तारीख बदलून मिळेल का ते विचारून ठेवा, कारण सर्दी झाली तर डाइव्ह रद्द, पैसे गेले तरी. (मे महिन्यात कूलर लावला, की खसच्या जुन्या ताट्यांच्या धुळीने माझं नाक हमखास चोंदतं, निघायच्या आठवड्यात मी दुसऱ्या खोलीत झोपतो.) नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरायचा मोह होतो. पण तिचा असर पाण्याखालीच ओसरला तर वर येताना हवा कानात अडकते, आणि वर तर यावंच लागतं.

कानात घालायचे बोळे घरीच राहू द्या. बोटीवर प्रशिक्षकाला हट्टी कानाबद्दल आधीच सांगा आणि खुणा पाठ करा: अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ नव्हे, ‘वर चला’. त्रास होत असेल तर पंजा आडवा धरून डुलवायचा आणि कानाकडे बोट दाखवायचं. कान एकदा पाण्यावरच उघडून घ्या. मग पाय खाली ठेवून, दोर धरून, दर हातभर अंतरावर, दुखायची वाट न पाहता. दुखलंच तर थोडं वर या, पुन्हा करून बघा. तरीही नाही उघडला तर बोटीवर परत, लाजायचं कारण नाही.

परतीचं विमान एका डाइव्हनंतर किमान १२ तासांनी, जास्त केल्या तर १८ तासांनी. घरी आल्यावर कान दडा बसल्यासारखा राहिला, गरगरलं किंवा कानातून पाणी-रक्त आलं तर पुन्हा डॉक्टर गाठा. आई लसणाचं कोमट तेल घेऊन येईलच. पडदा फाटला असेल तर ते थेट आत जातं, तेव्हा वाटी तिच्या हातून आधी काढून घ्या.