मुका मार बसला, पाय मुरगळला: लेप कधी लावायचा, शेक कधी द्यायचा

बेळगावच्या रविवार पेठेत काष्ठौषधीच्या दुकानात जाऊन नुसतं "मुका माराचं द्या" म्हटलं की दुकानदार पुढं काही न विचारता तीन पुड्या बांधतो, आंबेहळद, काळा बोळ आणि तुरटी. कानडीत मागा नाहीतर मराठीत, पुड्या त्याच. आणि घरी आल्यावर आपण काय करतो, तर पाय मुरगळला त्याच संध्याकाळी गरम गरम लेप थापतो, त्यात कुणीतरी मामा येऊन तेल लावून खसाखसा चोळून देतो, सकाळी पाय भोपळ्यासारखा सुजतो आणि मग म्हणायचं की औषध लागू पडलं नाही. औषध बरोबरच होतं, खरं वेळ चुकली.

म्हणून कधी काय करायचं ते क्रमानं सांगतो.

आधी हाड बघा

आमची आज्जी जांबोटीकडची. कुणी लंगडत आलं की सहाण काढायच्या आधी म्हणायची, "चार पावलं चालून दाखीव, मग बघूया लेपाचं." पुढं लई वर्षांनी वाचनात आलं की कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 साली घोट्याचा एक्सरे कुणाचा काढायचा याचे नियम बसवले, त्यातही चार पावलंच आहेत. मार बसल्याबरोबर आणि नंतर तपासताना, दोन्ही वेळा चार पावलं टाकता येत नसतील तर एक्सरे. शिवाय घोट्याची दोन्ही बाजूंना वर आलेली हाडं असतात त्यांच्या मागच्या कडेवर आणि टोकावर बोटानं दाबून बघा, मग पावलाच्या मध्यावर बाहेरच्या आणि आतल्या कडेला दाबा. नेमकी हाडावरच कळ आली तर एक्सरे. लंगडत का होईना चाललं तर चालतं, नियमात लंगडण्याला माफी आहे.

हे फक्त मोठ्या माणसांच्या घोट्याला लागू. लहान पोरांचं हाड ओल्या काटकीसारखं अर्धवट मोडतं, वरनं कळत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाचं कंबरेवर पडणं हे कधीच साधं धरू नका. तिथं सरळ दवाखाना.

मोडलंच असेल तर

लेप नको, तेल नको, ओढून सरळ करणं तर नकोच. आहे त्या स्थितीत दोन फळ्या किंवा जाड गुंडाळलेला पेपर लावून, मध्ये टॉवेलची घडी घालून बांधा, मोडल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे हलता कामा नयेत. अंगठी, बांगड्या, पैंजण लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. बांधून झालं की नख दाबा, पांढरं होतं, सोडल्यावर दोन सेकंदात परत गुलाबी झालं पाहिजे. नाही झालं तर गाठ सैल करा. मग 108 ला फोन.

नखाचं एवढं का सांगतोय तर आमच्या शेजारच्या पोराचं मनगट मोडलं तेव्हा त्याला एका हाडवैद्याकडं नेलेलं. अंड्यातला पांढरा बलक आणि उडदाचं पीठ कालवून पट्टी, त्यावर बांबूच्या कामट्या, करकचून. रात्री अकरा वाजले तरी पोरगं रडायचं थांबेना, घरचे म्हणतात हाड बसतंय म्हणून दुखतंय. मी बोटं बघितली तर वांग्याच्या रंगाची, आणि एक बोट हळूच सरळ केलं तर पोरानं किंकाळी फोडली. त्याच रात्री दवाखान्यात कामट्या कापल्या, हात वाचला. आवळल्यानं रक्त अडलं तर सहा तासांच्या आसपास स्नायू मरायला लागतो आणि मग हात जन्मभर वाकडा. हाडवैद्यांना हुनर नसतो असं माझं म्हणणं नाही, खरं मोडलेलं हाड स्वतःच जुळत असतं, पोरांचं मनगट तीन-चार आठवड्यांत, मोठ्यांचं साधारण सहा, नडगीला तीन-चार महिनेसुद्धा. नीट जागेवर आणून धरून ठेवणं एवढंच काम, आणि जागेवर आहे की नाही ते एक्सरेशिवाय दिसत नाही.

पहिले दोन दिवस थंड

मोडलं नाही हे कळलं की आता घरचं. पहिले 48 तास चोळणं, शेक, गरम लेप बंद, आत रक्त झिरपत असतं ते उष्णतेनं वाढतं. कपड्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. फ्रीज नसेल तर मडक्यातल्या पाण्याच्या घड्या. पाय दोन उशांवर, छातीपेक्षा उंच.

मग लेप

तिसऱ्या दिवशी पुड्या सोडा. वाळलेल्या आंबेहळदीचं बोटाएवढं हळकुंड सहाणेवर थेंब थेंब पाणी टाकत उगाळायचं, वाटीत दोन चमचे जाड गंध निघेस्तोवर. मिक्सरमधली पूड चालते, खरं ती खरखरीत राहते आणि अंगाला चिकटत नाही. त्यात हरभऱ्याएवढा काळा बोळ, हा म्हणजे कोरफडीचा वाळवलेला रस, वास असा की घरातलं मांजर बाहेर जातं, आणि चिमूटभर तुरटी. लोखंडी पळीत मंद गॅसवर ढवळायचं, पळीला धरायला लागलं की उतरवायचं. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, सोसवेल एवढंच कोमट पाहिजे. जाड थर द्या आणि सुकून भेगा पडायच्या आधी कोमट पाण्यानं सोडवा, नाहीतर कातडी ओढली जाते. दिवसातनं दोनदा. फुटलेल्या कातडीवर, खरचटलेल्यावर लावायचा नाही. आणि जुनी चादर घाला, डाग जात नाही.

निर्गुडीचा शेक

निर्गुडी, कानडीत लक्की, मलप्रभेच्या काठानं आणि ओढ्यानाल्यांवर पाहिजे तेवढी मिळते. एका देठाला तीन किंवा पाच पानं, खालनं राखाडी-पांढुरकी, चुरगळली की उग्र वास. दोन मुठी पाला तव्यावर चमचाभर तिळाच्या नाहीतर करंजाच्या तेलात मऊ होईस्तोवर परता, सुती फडक्यात पुरचुंडी बांधा. दोन पुरचुंड्या करा, एक तव्यावर एक अंगावर, दहा-पंधरा मिनिटं. रात्री एरंडाचं पान तेल लावून गरम करून वर बांधलं तर ऊब धरून राहते.

शुगरवाल्यांना मात्र कळकळून सांगतो, शेकाची गरमी स्वतःच्या पायानं तपासू नका. तळपायाची जाणीव गेलेली असू शकते, मग फोड आल्यावरच कळतं. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी हातानं बघावं.

रोप लावणीनंतर जे अख्खं अंग मोडतं त्याला पुरचुंडी पुरत नाही. त्याला वाफारा. भांड्यात निर्गुडीचा पाला उकळायचा, भांडं खाली उतरवून कुणीतरी धरून ठेवायचं, घोंगडी पांघरून पाच-सात मिनिटं बसायचं. गरोदर बाया, बीपी, दम्याची माणसं यांनी नको. अंग मोडतंय आणि ताप पण आहे तर वाफारा राहू दे, रक्त तपासा, पावसाळ्यात डेंगी-चिकुनगुनियात असंच मोडतं.

कांडवेल पोटात घ्यायची तर

हाडजोड, हाडसांधी, कानडीत मंगरवळ्ळी, चौकोनी कांड्यांची वेल. बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. के. एन. उडुपा यांनी 1960 च्या दशकात हिच्यावर प्राण्यांत प्रयोग केलेत, हाड भरायला मदत होते असं दिसलेलं. मदत, प्लास्टरच्या ऐवजी नाही. कच्ची चावू नका, कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांनी तोंड खाजून जीव जाईल. हाताला तेल लावून कोवळी कांडी सोला, कडा काढा, तेलात चांगली भाजा आणि चिंच-मिरची घालून चटणी वाटा. नाचणीच्या भाकरीबरोबर झकास लागते, आणि नाचणीत 100 ग्रॅममागं साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं ते वेगळंच. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरला विचारा, गरोदरपणी खाऊच नका.

बिब्ब्याचं कुणी सुचवलं तर हात जोडा. त्याच्या तेलानं जे फोड येतात ते मूळ दुखण्यापेक्षा जास्त दिवस पुरतात.

आणि बोळ उगाळायची सहाण वेगळी ठेवा. मी एकदा देवघरातली घेतली होती, आज्जीनं दोन दिवस बोलणं टाकलं.