हेलिऑक्स लावायची वेळ आली तर: काय बघायचं, कसं लावायचं, कधी थांबायचं

वॉर्डात किंवा आयसीयूत नवीन लागलेल्या लोकांसाठी लिहितोय, नातेवाईकांनीही वाचलं तर चालेल, पण हे घरी करायचं काम नाही, डॉक्टरांच्या ऑर्डरशिवाय तर अजिबातच नाही.

हेलिऑक्स म्हणजे हेलियम आणि ऑक्सिजनचं मिश्रण. सिलिंडर बहुतेक ८०:२० किंवा ७०:३० चा येतो, पहिला आकडा हेलियमचा. अल्व्हान बॅरॅक नावाच्या डॉक्टरने १९३४ च्या सुमारास दमा आणि घशाजवळच्या अडथळ्यासाठी हे वापरायला सुरुवात केली, म्हणजे प्रकार जुनाच आहे. पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, हे औषध नाही. हेलियम श्वासनलिका रुंद करत नाही, सूज उतरवत नाही, कफ काढत नाही. ते फक्त श्वास घ्यायला लागणारी मेहनत कमी करतं आणि तेवढ्यात स्टेरॉइड, सालब्युटामॉल (श्वासनलिका रुंद करणारं औषध), ॲड्रेनालिनचं नेब्युलायझेशन (औषधाचे बारीक तुषार करून श्वासातून देणं) जे काही चालू असेल त्याला काम करायला वेळ मिळतो. थोडक्यात आपण वेळ विकत घेतोय.

मेहनत कमी का होते तर हवा अरुंद जागेतून जोरात जाते तेव्हा भोवरे होतात, आणि भोवऱ्यांच्या प्रवाहात अडथळा वायूच्या घनतेवर ठरतो. साधी हवा लिटरला साधारण १.२९ ग्रॅम भरते, ८०:२० हेलिऑक्स जेमतेम ०.४३ ग्रॅम, म्हणजे तिसरा हिस्सा. त्यामुळे भोवरे कमी होतात, काही ठिकाणी प्रवाह पुन्हा सरळ व्हायला लागतो आणि तेवढीच हवा कमी जोरात आत जाते. यातूनच कळतं की फायदा जास्त कुठे, तर मोठ्या नळ्यांमध्ये: स्वरयंत्राची सूज, श्वासाची ट्यूब काढल्यावर येणारा स्ट्रायडॉर (श्वास घेताना घशातून येणारा कर्कश आवाज), लहान मुलांचा क्रूप (स्वरयंत्राजवळ सूज येऊन होणारा खोकला), श्वासनलिकेवर दाबणारी गाठ. अगदी बारीक नळ्यांत प्रवाह आधीच संथ आणि सरळ असतो, तिथे घनतेचा फारसा प्रश्न नसतो, चिकटपणाचा असतो, आणि त्या बाबतीत हेलियम हवेपेक्षा काही चांगलं नाही. म्हणून दम्यात आणि सीओपीडीत (फुफ्फुसांचा जुनाट, श्वासनलिका अरुंद करणारा आजार) निकाल मिश्र आहेत. माझं मत विचाराल तर दम्यात फक्त खूप सिरियस पेशंटला, बाकी सगळं व्यवस्थित चालू असताना, जोडीला म्हणून लावावं, सरसकट नको.

लावायच्या आधी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: पेशंटला ऑक्सिजन किती लागतोय? ४० टक्क्यांपेक्षा जास्त लागत असेल तर विषय जवळपास संपला, कारण ऑक्सिजन वाढवला की हेलियम कमी होतं आणि ६०:४० ला घनता हवेच्या निम्म्यावर येऊन ठेपते, त्यापुढे उपयोग घसरतच जातो. न्यूमोनियाने सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) पडलेल्या पेशंटला हेलिऑक्स लावणं म्हणजे त्याला हवाय तो ऑक्सिजन काढून घेणं. अडथळा आहे पण सॅच्युरेशन बऱ्यापैकी टिकलंय, असा पेशंट योग्य.

आता सिलिंडर. लेबल वाचा, रंगावर जाऊ नका, रंगाचे नियम सगळीकडे एकसारखे नाहीत. तयार मिश्रणाचाच सिलिंडर घ्या, शुद्ध हेलियम आणि ऑक्सिजन वेगवेगळे आणून बेडशेजारी मिसळायचा उद्योग नको, ऑक्सिजनची लाइन सुटली तर पेशंट नुसतं हेलियम ओढेल आणि मिनिटांत जीव जाईल. फुग्याचं हेलियम तर विचारातही आणू नका. रेग्युलेटर त्याच गॅसचा हवा, बसत नसेल तर ॲडॅप्टर लावून बसवायचा नाही, तो बसत नाही यामागे कारण असतं. आणि लाइनमध्ये ऑक्सिजन ॲनालायझर (मिश्रणात ऑक्सिजन किती टक्के ते मोजणारं यंत्र) असलाच पाहिजे, कॅलिब्रेट केलेला.

फ्लोमीटरमध्ये (मिनिटाला किती लिटर गॅस जातोय ते दाखवणारं मीटर) सगळे अडकतात. हेलिऑक्ससाठी बनवलेला फ्लोमीटर असेल तर प्रश्नच नाही, पण साधा ऑक्सिजनचा लावला असेल तर तो कमी दाखवतो, कारण हलका वायू त्याच दाबावर जास्त पळतो. ८०:२० साठी दिसणाऱ्या आकड्याला १.८ ने गुणा, ७०:३० साठी १.६ ने. म्हणजे काट्यावर १० दिसतंय तर ८०:२० चे खरे १८ लिटर जातायत. आणि १८ लिटर मिनिटाला म्हणजे तासाला १०८० लिटर, त्यामुळे सिलिंडर किती तास पुरेल हा हिशोब खऱ्या फ्लोवरच करा, काट्यावर केला तर मध्यरात्री सिलिंडर संपलेला सापडेल. दुसरा भरलेला जवळ ठेवूनच सुरुवात करा.

मास्क घट्ट बसणारा, नॉन-रिब्रीदर (सोडलेला श्वास परत आत न येणारा), रिझर्व्हायर बॅगसकट (गॅस साठवणारी पिशवी). फ्लो इतका ठेवा की पेशंटने श्वास आत घेतला तरी बॅग पूर्ण चपटी होत नाही. नाकातल्या साध्या प्रॉंग्जने (नाकपुड्यांत बसणाऱ्या छोट्या नळ्या) हेलिऑक्स देण्यात अर्थ नाही, बाजूने खोलीतली हवा शिरते, मिश्रण पातळ होतं आणि आपण महागडा गॅस वाया घालवतो. सॅच्युरेशनसाठी मास्कच्या आत प्रॉंग्जने थोडा ऑक्सिजन देतात, चालतं, पण जितका द्याल तितकं हेलियम कमी होणार हे लक्षात ठेवूनच.

नेब्युलायझर द्यायचा असेल तर तोही हेलिऑक्सवरच चालवा, वाय-कनेक्टरने एक फाटा नेब्युलायझरला आणि एक रिझर्व्हायर बॅगेला. फ्लो मात्र नेहमीच्या दीडपट ते दुप्पट लागतो, नाहीतर औषधाचा धूर नीट होत नाही, कप भरलेलाच राहतो आणि आपल्याला वाटतं डोस गेला.

बाळ असेल तर एक जास्तीची काळजी, हेलियम उष्णता हवेच्या साधारण सहापट वेगाने वाहून नेतं, त्यामुळे गॅस गरम आणि दमट करून द्या आणि बाळाचं टेम्परेचर बघत रहा. हूडमध्ये (बाळाच्या डोक्यावर ठेवायचा पारदर्शक डबा) तर हलकं हेलियम वर जमतं आणि खाली बाळाच्या तोंडाशी ऑक्सिजन जास्त असतो, म्हणून ॲनालायझर कुठे धरलाय त्यावर आकडा बदलतो.

व्हेंटिलेटरवर लावायचं असेल तर मशीन हेलिऑक्ससाठी बनवलेलं आहे का ते आधी तपासा. नसेल तर टायडल व्हॉल्यूमचे (एका श्वासात आत जाणाऱ्या हवेचे) आकडे चुकीचे येतात, काही मशीनमध्ये व्हॉल्व्हही नीट चालत नाहीत, आणि स्क्रीनवर सगळं छान दिसत असताना पेशंटला भलतंच काहीतरी मिळत असतं. अशा वेळी जुगाड करू नका. पीक फ्लो मीटरचंही (जोरात फुंकून श्वासाचा वेग मोजायचं यंत्र) तसंच, हेलिऑक्सवर असताना घेतलेल्या रीडिंगवर विश्वास ठेवू नका.

लावल्यावर उभे राहून बघा. फायदा व्हायचा असेल तर काही मिनिटांतच दिसतो: स्ट्रायडॉरचा आवाज कमी, बरगड्यांमधली ओढ कमी, श्वासांचा वेग उतरतो, पेशंट दोन शब्द जास्त बोलतो. आवाज कार्टूनसारखा चिरका होईल, नातेवाईकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते घाबरतात. अर्ध्या तासात काहीच फरक नसेल तर ओढत बसू नका, बंद करा.

आणि इथे खरा धोका आहे. पेशंट शांत दिसतो तो बरा झाला म्हणून की थकला म्हणून? गुंगी येतेय, छातीतली घरघर अचानक गायब झालीय, श्वास उथळ झालाय, तर तो सुधारलेला नाही, कार्बन डायऑक्साइड साठतोय. ब्लड गॅस (रक्तातले ऑक्सिजन-कार्बन डायऑक्साइड मोजणारी तपासणी) करा आणि भूलतज्ज्ञांना बोलवा, ट्यूब टाकायची गरज असेल तर हेलिऑक्स चालू आहे म्हणून ती पुढे ढकलायची नाही. ट्यूबचं सामान पहिल्या मिनिटापासून बेडशेजारी पाहिजे.

काढताना हळूहळू कमी करत सवय लावायची भानगड नाही, पण असर गॅस बंद केल्याबरोबर संपतो कारण हेलियम शरीरात टिकतच नाही. म्हणून सूज उतरल्यासारखी वाटली, स्टेरॉइडला पुरेसे तास मिळाले की थोडा वेळ साध्या ऑक्सिजनवर घेऊन बघा, आणि त्या वेळात शेजारून हलू नका. स्ट्रायडॉर परत आला तर पुन्हा लावा आणि काही तासांनी परत प्रयत्न करा. प्रत्येक वेळी चार्टवर मिश्रणाचं प्रमाण, काट्यावरचा फ्लो आणि गुणून आलेला खरा फ्लो, तिन्ही लिहा, कारण पुढच्या ड्यूटीवाल्याला नुसतं "हेलिऑक्स १० लिटर" वाचून काहीच कळत नाही.